तोंडाचं सांगा

परळला टाटा कॅन्सर हॉस्पिटलजवळच्या औषधाच्या दुकानात रांगेत उभी होते. माझ्या पुढे एक पस्तिशीतला माणूस. हातात फुगलेली फाईल, फाईलवर गावाकडच्या कुठल्याशा कापड दुकानाची पिशवी चढवलेली. त्याच्या चिठ्ठीवर बऱ्याच ओळी होत्या. दुकानातला मुलगा एकेक औषध काउंटरवर मांडत गेला आणि शेवटी त्याने कॅल्क्युलेटर फिरवून त्याच्यासमोर धरला. त्याने आकडा बघितला, शर्टाच्या आतल्या खिशातून नोटा काढून मोजल्या, पुन्हा आकडा बघितला. पांढऱ्या पेशी वाढवायचं इंजेक्शन थर्माकोलच्या डब्यात, बर्फाच्या पिशव्यांमध्ये घालून आधीच चिकटपट्टीने बांधून झालं होतं. ते तर हवंच. उलटीच्या गोळ्या हव्यात. अँटिबायोटिक हवं. मग त्याने गुळण्यांच्या औषधाची बाटली बोटाने हलकेच बाजूला सारली. "हे ऱ्हाऊ द्या. गुळण्याच आहेत नुसत्या." मुलाने चिठ्ठीवरच्या त्या ओळीवर पेनाने आडवी रेघ मारली आणि नवा आकडा काढला. रांगेतल्या कुणाला त्यात काही विशेष वाटलं नाही. रोज कितीतरी वेळा घडत असणार.

मी त्याच बाटलीसाठी आले होते.

त्याचं गणित चुकलं असं मला म्हणायचं नाही. खिशात मोजके पैसे असले की जीव वाचवणारं आधी आणि दुखणं कमी करणारं नंतर, हे कुणीही असंच लावेल. तरी ती आडवी रेघ मला पुढे बरेच दिवस सुटली नाही. ज्याच्यासाठी, किंवा जिच्यासाठी, ती बाटली लिहिली होती ते माणूस तिथे रांगेत नव्हतं. बहुधा रस्त्यापलीकडे फूटपाथवर चटई टाकून बसलं असेल, नाहीतर दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत वाट बघत असेल. आपल्या यादीतलं काय कापलं गेलं हे त्याला कुणी सांगितलं असेल का, आणि सांगितलं असलं तरी उघडता न येणाऱ्या तोंडाने त्याने काय म्हटलं असेल?

माझी आत्या लालबागला राहते. महापालिकेच्या शाळेत जन्मभर मराठी आणि गणित शिकवलं, लग्न केलं नाही, आणि निवृत्तीनंतरही सगळ्या वाडीची 'बाई' ती बाईच राहिली. तिचा आवाज असा की दुसऱ्या मजल्यावरून हाक मारली तर खाली नाक्यावरचा इस्त्रीवाला वर बघतो. मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला, ऑपरेशन झालं, आणि मग दर पंधरवड्याला केमो सुरू झाली. त्यातली काही औषधं हॉस्पिटलात सलाईनमधून जायची आणि एक घरी यायचं, गळ्याखाली कातडीआड बसवलेल्या पोर्टला, म्हणजे शिरेत औषध सोडायच्या डबीला, जोडलेल्या छोट्याशा पंपातून, सलग ४६ तास. पंप कमरेला लटकवायची पिशवी होती. आत्या तिला पर्स म्हणायची आणि तीच पर्स लावून खाली भाजी घ्यायलाही जायची. कोथिंबीरवाल्याशी घासाघीस करताना नळी पदराखाली सारायची, इतकंच.

हॉस्पिटलातून जाणाऱ्या औषधांपैकी ऑक्झॅलिप्लॅटिनची एक खोड आहे. ते घेतल्यावर काही दिवस थंडाचा स्पर्श चालत नाही. फ्रिजचं दार उघडून दुधाची पिशवी उचलली की बोटांतून झिणझिण्या जातात, गार पाण्याचा घोट घेतला तर घसा आवळल्यासारखा होतो, श्वासच अडकला असं वाटून माणूस घाबरतं. हे सगळं मुंबईतल्या एप्रिल-मे महिन्यात. घरोघरी कोकम सरबत, पन्हं, माठ. आणि आत्या पंख्याखाली घामाने थबथबलेली, हातात कोमट पाण्याचं फुलपात्र. स्टीलचा चमचासुद्धा तिला नको व्हायचा. मी प्लास्टिकचे चमचे आणून दिले तेव्हा त्यांच्याकडे तिने जो कटाक्ष टाकला तो तिच्या कुठल्याही विद्यार्थ्याने ओळखला असता.

तोंडाची वाट लावली ती दुसऱ्या औषधाने, पंपातून जाणाऱ्या फाइव्ह-एफयूने. या औषधांना कॅन्सरच्या पेशी ओळखता येत नाहीत. ज्या पेशी भराभर वाढतात त्यांना ती मारतात. केस त्यात येतात, हाडांतला रक्त तयार करणारा मगज येतो, आणि गालांच्या, जिभेच्या, घशाच्या आतलं अस्तर येतं, कारण ते सतत झिजत आणि नव्याने येत असतं. नवं यायचं थांबलं की झिजणं तेवढं उरतं. केमोनंतर साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसात आत्याचं तोंड लाल व्हायचं, मग गालांच्या आत आणि जिभेच्या कडेला पांढुरक्या तळाचे व्रण उमटायचे. ते जरा भरत आले की पुढच्या केमोची तारीख. न्यू जर्सीतल्या माझ्या चुलतभावाने कुठूनसं वाचून कळवलं की औषध जाताना तोंडात बर्फ धरायचा, व्रण कमी येतात. ते खोटं नाही. फाइव्ह-एफयू इंजेक्शनने झटक्यात देतात तेव्हा अर्धा तास तोंडात बर्फाचे तुकडे घोळवले तर तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि औषध कमी पोचतं, याला चांगला आधार आहे. पण ४६ तास कोण बर्फ चघळणार, आणि मुळात आत्याला बर्फ वर्ज्य. एका औषधाचा उतारा दुसऱ्या औषधाने बंद करून ठेवलेला. मी हे भावाला फोनवर समजावलं तेव्हा तो म्हणाला, "मग तिकडे काय देतात?" मला तेव्हा ते माहीत नव्हतं.

आणि वर लालबाग. मसाल्याचे दिवस. मसाला गल्लीत बेडगी, संकेश्वरी, काश्मिरी मिरच्यांचे ढीग लागलेले, दूरदूरच्या उपनगरांतून बायका वर्षाचा मसाला करायला आलेल्या. मिरच्या भाजल्याचा आणि कुटल्याचा खाट वाऱ्याची दिशा फिरली की थेट आत्याच्या खिडकीत. इतकी वर्षं त्या वासाने तिला भूक लागायची. स्वतःच्या मसाल्याला ती उभं राहून कुटून घ्यायची, धणे नीट भाजले नाहीत म्हणून भांडायची. आता तोच खाट तोंडात शिरला की डोळ्यांतून पाणी. भर उकाड्यात आम्ही खिडकी लावून बसायचो.

आपल्याकडे तोंड येणं हे दुखणं समजलं जात नाही. तोंड मुलांना परीक्षेत येतं, नव्या सुनेला सासरी जागरणाने येतं, पोट साफ नसलं की येतं. वाडीतून सल्ले आले ते याच हिशोबाने. उष्णता झाली, गुलकंद खा. जाईचा पाला चावून थुंक. पेरूची कोवळी पानं. तुरटीच्या गुळण्या. बी-कॉम्प्लेक्सची गोळी, लघवी पिवळी होते ती. कुणी सुकं खोबरं चावायला सांगितलं. सुकं खोबरं! एका भाच्याने मॉलमधून पुदिन्याच्या स्वादाचं निळं माउथवॉश आणलं, त्यात अल्कोहोल. त्याचा एक घोट तोंडात घेतल्यावर आत्याने बेसिनचा काठ असा धरला की मला वाटलं निखळून हातात येतो. सगळ्यांचं मन चांगलं होतं आणि सगळ्यांना हे दुखणं ओळखीचं वाटत होतं, हीच अडचण. कॅन्सर हा शब्द ऐकून जी माणसं आवाज खाली आणत, तीच माणसं 'तोंड आलंय' म्हटल्यावर मोकळेपणी बोलायला लागत. तेवढं एक त्यांना कळणारं होतं.

आत्याचं बोलणं बंद झालं. आधी त्रोटक झालं, मग खुणांवर आलं, मग ती लिहायला लागली, जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर. तिच्याकडे असे गठ्ठे आहेत. "मीठ कमी." "पंखा." "तुझ्या आईला सांग काळजी करू नको." मी मोबाईलवर तिला काही लिहून दाखवलं तर ती आधी माझा ऱ्हस्व-दीर्घ सुधारायची आणि मग उत्तर लिहायची. खरं सांगायचं तर तिच्या त्या गप्प बसण्याने सुरुवातीला मला थोडं हलकंही वाटलं होतं. माझी नोकरी, माझं घर दूर डोंबिवलीला, माझ्या मुलाचं इंग्रजी माध्यम, या सगळ्यावर तिची मतं आहेत आणि ती ऐकत मी मोठी झाले. ती मतं आठवडाभर आली नाहीत. मग एका दुपारी मी मुद्दाम मुलाच्या शाळेचा विषय काढला, ती काहीतरी लिहील म्हणून. तिने कागद पुढे ओढला, पेन उघडलं, आणि पुन्हा टोपण लावून ठेवलं.

हॉस्पिटलात ओपीडीचा आमचा वेळ म्हणजे दोन-तीन मिनिटं. डॉक्टर रक्ताचा रिपोर्ट बघायचे, पेशी किती, प्लेटलेट किती. मग विचारायचे: उलटी? जुलाब? ताप? हाताला मुंग्या? आत्या मान हलवायची. तोंडाबद्दल प्रश्न यायचा नाही, आणि मी बोलायला लागले की ती माझ्या हाताला चिमटा काढायची. डॉक्टरांना मी दोष देत नाही, बाहेर कॉरिडॉरमध्ये पाय ठेवायला जागा नसायची. पण एक छोटा टॉर्च आणि "आ करा" एवढ्याला किती वेळ लागतो? ज्या रस्त्याने अन्न आत जायचं तो रस्ता बंद आहे की चालू हे बघितल्याशिवाय वजन का घटलं यावर चर्चा करण्यात काय हशील, हे मला आजही कळत नाही.

त्या कॉरिडॉरमधल्या बाकावर जालन्याकडच्या एक बाई बसायच्या. डोक्यावरून पदर, पदराचं टोक तोंडावर धरलेलं. त्यांचा आजार गालाचा, रेडिएशन चालू होतं. ते आठवड्यातले पाच दिवस, सहा-सात आठवडे असतं, आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून तोंड सोलवटतं. आत्याने हातानेच खूण करून पाणी नको म्हटलं तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. पदराआडूनच, ओठ न हलवता त्या म्हणाल्या, "तोंडाचं सांगा. आपण होऊन सांगावं लागतं. ते विचारत न्हाईत."

मी विचारलं, "तुम्ही सांगितलंत?"

"आमचं काय ओ. जलमभर मिश्री लावली. आपल्याच हातचं हाय, कुणाला सांगायचं? यांचं तसं न्हाई ना. यांनी सांगावं."

आत्याने पिशवीतून कागद काढला. त्या बाईंना वाचता येतं का हे न विचारता त्यावर भलंमोठं लिहिलं आणि त्यांच्यापुढे धरलं. मग लक्षात येऊन तो माझ्याकडे दिला, वाचून दाखव म्हणून. लिहिलं होतं: "दोघी सांगू."

आत हजर होती ती एक तरुण डॉक्टर, अजून शिकणारी असावी. आत्याने बोट तोंडाकडे नेलं. "आजी, आ करा. कवळी आहे का? काढा बरं." आणि आत्या अडली. चिमट्यांचं कारण मला त्या क्षणी कळलं. आत्याला वरची कवळी आहे हे घरात आम्हाला माहीत आहे, पण ती काढलेली कुणी पाहिलेली नाही. शाळेत, वाडीत, लग्नकार्यात, ऑपरेशनच्या वेळीही तिने नर्सला म्हणे पाठ करायला लावली होती. कवळीखाली हिरडीला व्रण पडले होते आणि ती तीच कवळी दिवसभर घालून बसत होती. डॉक्टरने काही न बोलता पडदा ओढला, मला बाहेर जायला सांगितलं. पडद्यामागून कितीतरी दिवसांनी मला आत्याचा आवाज ऐकू आला, घोगरा, बोबडा, पण तिचाच: "आजी नाही. बाई म्हणायचं."

मला आत बोलावलं तेव्हा कवळी एका वाटीत होती आणि डॉक्टर फाईलमध्ये काहीतरी लिहीत होती. जागतिक आरोग्य संघटनेची यासाठी शून्य ते चार अशी मोजणी आहे. नुसती लाली आणि हुळहुळ असेल तर एक. व्रण आहेत पण जेवता येतं तर दोन. फक्त पातळ जातं तर तीन. काहीच जात नाही तर चार. आत्याला तीन मिळाले. तिने चारपैकी का असं खुणेने विचारलं आणि डॉक्टर हसली. पण ते गंभीर होतं. तीन आले की पुढची केमो लांबवायची का, मात्रा कमी करायची का, याचा विचार करावा लागतो. शिवाय त्याच दिवसांत पांढऱ्या पेशी तळाला गेलेल्या असतात, आणि तोंडातला प्रत्येक व्रण जंतूंना आत शिरायला उघडं दार. शंभराच्या वर ताप गेला तर रात्र असो की सण असो, निघून या, असं तिने मला दोनदा बजावलं. जाईचा पाला बंद, कच्चं काहीच चावायचं नाही. म्हणजे नुसत्या गुळण्या ज्याला म्हणतात त्यावर पुढचा सगळा उपचार अडून होता. परळच्या त्या माणसाला हे कुणी सांगितलं असतं तर त्याने कुठल्या ओळीवर बोट ठेवलं असतं, ते मला ठरवता येत नाही. कदाचित तिथेच. पैसे तेवढेच होते.

चिठ्ठीवर आलं ते असं. दर दोन-तीन तासांनी मीठ-सोड्याच्या कोमट गुळण्या. लिटरभर पाण्यात चमचाभर मीठ आणि चमचाभर सोडा, खायचा, धुण्याचा नव्हे. दुखणं कमी करणारं बेन्झिडामाइनचं औषध, तोंडात अर्धा मिनिट घोळवून थुंकायचं. चुरचुरलं तर तितकंच पाणी मिसळून. जिभेवर जो पांढरा थर दिसत होता तो बुरशीचा, त्याला लावायला क्लोट्रिमॅझोल. आणि जेवणाच्या वेळांसाठी लिग्नोकेनचं दाट द्रावण, त्यात ॲसिडिटीचं पातळ औषध सांगितलेल्या मापात मिसळून. लिग्नोकेन बधिर करतं, ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमचं ते पांढरं औषध व्रणांवर लेप धरतं.

आता हे मिसळून कोण देणार? लालबागच्या पहिल्या दुकानाने लिग्नोकेनची ट्यूब काढून दिली. "टक्का तोच आहे मॅडम, दोन टक्के." ट्यूबवर जेली लिहिलेलं. ती लघवीची नळी घालताना वापरतात. तोंडासाठीचं द्रावण बाटलीत येतं आणि ते सगळीकडे नसतं. दुसऱ्या दुकानात उद्या मागवतो. तिसऱ्यात फक्त ॲसिडिटीचं. म्हणून मग परळ. डॉ. अर्नेस्ट बोर्जेस रोड आणि जेरबाई वाडिया रोडच्या बाजूला औषध दुकानांची जी रांग आहे तिथे असं काही नाही जे मिळत नाही. टाटा हॉस्पिटल १९४१ मध्ये तिथे उभं राहिलं आणि आजूबाजूचा मुलूख हळूहळू त्याच्या गरजांचा होऊन गेला. विगची दुकानं, पोटावर लावायच्या स्टोमाच्या पिशव्या, नाकातून घालायच्या नळ्या, खिचडी वाटणाऱ्या गाड्या. तिथल्या मुलाने नाव ऐकल्याबरोबर वर न बघता बाटली काढली. मिसळून द्याल का म्हटल्यावर मात्र तो हसला. "आम्ही फक्त सीलबंद विकतो ताई."

मला एकदम आमच्या लहानपणचा दवाखाना आठवला. लाकडी पार्टिशन, त्याला हाताएवढी खिडकी, खिडकीमागे कंपाउंडर काका. बाटली घरून न्यायची, उकळून. काका दोन-तीन मोठ्या बरण्यांतून ओतून लाल मिक्श्चर करायचे, बाटली हलवून उजेडात धरायचे, आणि बाहेरून कात्रीने खाचा पाडलेली कागदाची पट्टी खळीने चिकटवायचे. एक खाच म्हणजे एक डोस. आत्याच मला घेऊन जायची, आणि खाचा सारख्या नाहीत म्हणून एकदा तिने काकांना पट्टी बदलायला लावली होती. अमेरिकेत हे अजून चालतं, असं भावाने सांगितलं. तिथे डॉक्टर लिहितात आणि फार्मसीवाले बधिर करणारं, ॲलर्जीचं आणि ॲसिडिटीचं औषध एकत्र करून देतात, नाव मॅजिक माउथवॉश. कृती प्रत्येक हॉस्पिटलची वेगळी, कुणी त्यात स्टेरॉइड घालतं, कुणी बुरशीचं औषध. २०१९ मध्ये तिथल्या वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात एक अभ्यास आला होता. डोक्या-मानेला रेडिएशन घेणाऱ्या २७५ रुग्णांना हे मिश्रण, किंवा डॉक्सेपिन नावाच्या जुन्या औषधाच्या गुळण्या, किंवा औषध नसलेलं नुसतं द्रावण दिलं. दोन्ही औषधांनी पहिल्या चार तासांतलं दुखणं नुसत्या द्रावणापेक्षा जास्त कमी केलं. पण फरक लहान होता, अभ्यास करणाऱ्यांनी महत्त्वाचा मानायचा ठरवला होता त्याहूनही लहान. जादू वगैरे काही नाही. मी हे आत्याला वाचून दाखवलं. तिने लिहिलं: "लहान चालेल."

मग कंपाउंडर मीच झाले. औषधाबरोबर आलेलं मापाचं टोपण, उकळून वाळवलेली काचेची बाटली, ओट्यावर वर्तमानपत्र. दाट द्रावण तारेसारखं उतरतं, पांढऱ्या औषधात ते पटकन मिसळत नाही, हलवत राहावं लागतं. वास गोडसर, थोडा दवाखान्याचा. आत्या खुर्ची ओढून समोर बसायची आणि टोपणातली पातळी डोळ्याच्या रेषेत आणून बघायची. दोन-तीन वेळा तिने मला परत ओतायला लावलं.

पहिला घोट घेतला तेव्हा तिने डोळे मिटले, गाल एका बाजूला फुगवले, मग दुसऱ्या. थुंकली. जीभ वरच्या टाळूला लावून बघितली, पुन्हा लावली. आणि म्हणाली, "पंखा जरा मोठा कर." लिहिलं नाही, म्हणाली. जेवण मात्र लगेच नाही. घसा बधिर असताना घास श्वासनळीत जाऊ शकतो, गाल दाताखाली आला तरी कळत नाही, म्हणून थांबायचं. आणि फार थांबलं तर बधिरपणा उतरतो. त्या मधल्या वेळेत नाचणीची पेज कोमट करून ठेवायची, मऊ भात-वरण चाळणीवरून घासून घ्यायचं, वरणाला फोडणी नाही, लिंबू नाही. दहीही झोंबायचं. आंब्याच्या दिवसांत आंबा नाही, हे तिला फोडणीपेक्षा जास्त लागलं. कवळी वाटीतच राहिली, वाटीवर रुमाल. शेजारणी आल्या तरी तिने रुमाल ओढला नाही की तोंडावर पदर घेतला नाही. पुढच्या केमोला मात्रा थोडी उतरवली. व्रण आले, पण दोनवर थांबले. दोन म्हणजे पास, असं तिचं मत.

जालन्याच्या बाईंनाही त्या दिवशी डॉक्टरने आत घेतलं होतं. त्यांना गुळण्यांबरोबर दुखण्यासाठी मॉर्फिनच्या गोळ्याही लिहून दिल्या. त्यांचा मुलगा नाव ऐकून घाबरला, नशा चढेल म्हणाला. या औषधाबद्दलची भीती सरकारनेही बरीच वर्षं पोसली. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्याने परवान्यांची इतकी उतरंड लावली होती की बऱ्याच हॉस्पिटलांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. २०१४ मध्ये दुरुस्ती झाली तेव्हा ते जरा सोपं झालं. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ मध्ये बंदी आली, ती पानटपरीवर किती पाळली जाते ते सगळ्यांना दिसतं. मिश्री तर चुलीवर घरीच भाजली जाते, तिच्यावर कोण काय बंदी घालणार. माझी आजीही लावायची, आत्याची आई. सकाळी तव्यावर तंबाखू करपल्याचा तो वास मला चांगला आठवतो, आणि तो वास मला आवडायचा हेही. आजी त्याने गेली नाही. जालन्याच्या बाई मात्र त्या वासाचा हिशोब स्वतःच्या नावावर मांडून गप्प बसल्या होत्या, आणि त्यांना कुणी शिक्षा दिली नव्हती, त्यांनीच घेतली होती. आत्या नंतर मला म्हणाली की वर्गात असंच असायचं. ज्याला गृहपाठ न केल्याची लाज वाटते तो पोट दुखत असलं तरी हात वर करत नाही. बाईने जाऊन विचारायचं असतं.

केमो संपली त्याला आता काही महिने झाले. तपासण्या चालू आहेत. बोटांतल्या मुंग्या अजून पूर्ण गेलेल्या नाहीत, त्या जायला वेळ लागतो म्हणतात. आवाज परत आला आहे. डोंबिवली आणि इंग्रजी माध्यम या दोन्ही विषयांवर मला तो मिळाला आहे. परवा मी गेले होते तेव्हा शेजारच्या वहिनी दहावीतल्या मुलाला घेऊन आल्या. त्याचं तोंड आलं होतं, जेवत नव्हता. "बाई, तुमच्याकडे ते गुळण्यांचं औषध उरलंय ना, थोडं द्या की." आत्याने उठून खोलीतला दिवा लावला, चष्मा घातला, आणि कपाटातून टॉर्च काढला. हा टॉर्च तिने कधी घेतला मला माहीत नाही. मुलाला खिडकीशी उभं करून तिने आ करायला लावला, गाल बोटाने ओढून दोन्ही बाजू बघितल्या, जीभ वर करून खालचं बघितलं. नीट, सावकाश बघितलं.

"जेवता येतंय का? खरं सांग."

"तिखट नाही जात."

"दोन. चारपैकी. व्रण एकच आहे, पण आहे." मग वहिनींकडे वळून, "औषध मिळायचं नाही. ते लिहून दिलेलं आहे, वाटायचं नसतं, आणि ती बाटली मी केव्हाच ओतून टाकली. मिठाच्या गुळण्या. रात्री जागायचं नाही. दोन आठवड्यांत भरला नाही तर डॉक्टर." पोरगा सुटल्यासारखा दाराकडे निघाला तेव्हा तिने त्याला परत बोलावलं, आणि आता ज्या आवाजात विचारलं तो खाली नाक्यापर्यंत गेला असणार: "आणि मावा खातोस का रे? उत्तर दे. मारणार नाही."